एकट्यानं लवकर होतं, मग सगळ्यांना बरोबर कशाला घ्यायचं?

जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. हंगामाच्या सणापासून आजाऱ्यांच्या भेटीपर्यंत मंडळीचं, म्हणजे चर्चचं, सगळं काम तुम्ही आणि आणखी दोघं मिळून ओढता. कमिटी आहे, पण बैठक लावली की वादावादी होते. एक सभासद तर प्रत्येक गोष्टीला आडवा जातो आणि शेवटी काम तुमच्याच गळ्यात पडतं. पाळकसाहेब म्हणतात, सगळ्यांना बरोबर घ्या. हेच काम एकट्यादुकट्यानं निम्म्या वेळात आणि नीटनेटकं होत असताना सगळ्यांना बरोबर घेण्याला ख्रिस्ती दृष्टीनं खरंच काही मोल आहे का, असं तुम्ही विचारलंत.

आहे. पण वेळ वाचण्यात किंवा काम सुबक होण्यात ते शोधलंत तर सापडणार नाही. माझी उमेदीची वर्षं नगर (आताचा अहिल्यानगर) आणि बीड जिल्ह्यांतल्या खेड्यांत आरोग्याच्या आणि मंडळीच्या कामात गेली. तिथं जे पाहिलं त्यावरून सांगतो, सगळ्यांना बरोबर घेतलं की सुरुवातीला काम रेंगाळतं, चुका होतात, बोलाचाली होते. हे धरूनच पुढं जायचं.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. एकी ही आपोआप पवित्र होत नाही. बायबलमधल्या उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायात बाबेलचा बुरूज बांधणारे लोक पाहा. भाषा एक, बेत एक, विटा भाजायला सगळे एकदिलानं लागलेले. इतकं सुरळीत चाललेलं काम देवानंच थांबवलं, कारण त्यांना त्यातून आपलं नाव करायचं होतं. आपल्याकडेही गाव एकी करून एखाद्या घराला वाळीत टाकतं, तीही एकीच असते. तेव्हा ‘सगळे मिळून करतायत ना’ एवढ्यावर ख्रिस्ती माणसानं समाधान मानू नये. कशासाठी मिळून करतायत, आणि त्या मिळण्यात सगळ्यात खाली ढकललेल्या माणसाला जागा कुठं आहे, हे विचारलं पाहिजे.

ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या मंडळीला प्रेषित (येशूनं पाठवलेला सेवक) पौल यानं शरीराचा दाखला दिला तो नेमका याच कारणानं. ती मंडळी भांडत होती. कुणी म्हणे मी पौलाचा, कुणी म्हणे मी अपुल्लोस या दुसऱ्या उपदेशकाचा. येशूच्या आठवणीत होणाऱ्या प्रभुभोजनाला जमले की पैसेवाले आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. अशा लोकांना त्यानं लिहिलं की तुम्ही एका शरीराचे अवयव आहात. व्यासपीठावरून पहिल्या करिंथकरांस पत्राच्या या बाराव्या अध्यायावर बोलताना आपण बहुतेक वेळा ‘डोळ्याचं काम वेगळं, हाताचं वेगळं’ इथंच थांबतो. पौल तिथं थांबत नाही. जे अवयव दुबळे वाटतात त्यांच्यावाचून चालायचंच नाही, आणि ज्याला मान कमी त्याला देवानं जास्त मान दिला आहे, असं तो पुढं म्हणतो. एकत्र कामाकडे पाहण्याची ख्रिस्ती दृष्टी म्हणून काही वेगळं असेल तर ते इथं आहे. कामं वाटून घेणं कुठल्याही कंपनीला जमतं. ज्याला आजवर कुणी विचारलं नाही त्याच्याकडे मुद्दाम जाऊन ‘तुझ्यावाचून अडलंय’ असं खरेपणानं म्हणणं, ही मंडळीची गोष्ट.

पहिल्या मंडळीनं हे करून दाखवलं. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढा. रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय, अशी कुरकुर ग्रीक भाषा बोलणाऱ्यांनी केली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केलं नाही. वाटप नीट व्हावं म्हणून देखरेख करायला आणखी एक प्रेषितही बसवला नाही. त्यांनी मंडळीलाच सात जण निवडायला सांगितले, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या पानात कमी पडत होतं त्यांच्याच माणसांच्या हाती वाढप दिलं गेलं.

आपल्या मातीत हे कसं होतं याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण जामखेडचं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली तिथं आलं. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, पुढं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. त्याआधी त्यांनी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं होतं. बरा होऊन गेलेला रुग्ण थोड्या दिवसांनी तेच दुखणं घेऊन परत येतो, हे त्यांनी तिथं पाहिलं. हॉस्पिटल कितीही मोठं केलं तरी गढूळ पाणी आणि अर्धपोटी मूल घरीच राहतं. म्हणून जामखेडला त्यांनी गावापासून सुरुवात केली.

सुरुवातीला शिकलेल्या नर्सबाई गावात पाठवून पाहिल्या. त्या बाहेरच्या, त्यामुळं गावात रुजल्या नाहीत. मग गावानंच आपल्यातली एक बाई निवडायची आणि तिला शिकवायचं असं ठरलं. निवडलेल्या बायकांत बऱ्याच जणी निरक्षर होत्या, बऱ्याच दलित वस्तीतल्या होत्या, कित्येकींना नवऱ्यानं टाकलेलं होतं. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत, आपापल्या गावातली अडचण मांडत आणि एकमेकींकडून शिकत. गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, मुलांची वजनं, जुलाब झालेल्या मुलाला साखर-मिठाचं पाणी, सगळं त्यांच्या हातात गेलं. पुरुषांची शेतकरी मंडळं झाली, बायकांची महिला मंडळं झाली. बालमृत्यू झपाट्यानं खाली आले. १९७९ साली या डॉक्टर दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि जगभरातून लोक जामखेडला शिकायला येऊ लागले.

माझ्या मते त्या कामातली सगळ्यात ख्रिस्ती गोष्ट म्हणजे डॉक्टरांनी आपल्याजवळचं दिलं. औषध तर कुणीही वाटतं. त्यांनी आपलं ज्ञान दिलं, आणि त्याबरोबर येणारा मानही दिला. जी बाई गावच्या पाणवठ्यावर दूर उभी राहायची, तिच्याकडे गाव सल्ला मागायला येऊ लागलं. पाण्याचंही तसंच. दुष्काळात हातपंपांसाठी बोअर घेताना ते दलित वस्तीत घ्यायचे असा आरोळेंचा आग्रह असे. पाणी हवं असेल तर सगळ्या गावानं तिथं जायचं. दोघांनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही आणि कुणावर लादलीही नाही. त्यांच्याबरोबर काम करणारे बहुतेक जण ख्रिस्ती नव्हते. म्हणून एकत्र कामाची हद्द मंडळीच्या कुंपणापाशी संपते असं मी मानत नाही.

अशाच एका शिकलेल्या आरोग्य सेविकेबरोबर मी एका घरी गेलो होतो. वर्षा-दीड वर्षाचं मूल, डोळे खोल गेलेले, सकाळपासून जुलाब. घर मोठ्या शेतकऱ्याचं. सेविका दलित. सासूबाई दारातच म्हणाल्या, ‘तुझ्या हातचं पाणी नको.’ मला राग आला. सेविका मात्र शांतपणे ओट्यावर टेकली आणि म्हणाली, ‘माझ्या हातचं नको तर नको. आजी, तुम्हीच करा, मी सांगते.’ एक लिटर उकळून गार केलेलं पाणी. त्यात चहाच्या चमच्यानं सहा चमचे साखर, सपाट भरून, वर ढीग नको. मीठ अर्धा चमचा. ढवळून चव बघा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून द्या आणि नवीन करा. आजींनी तिच्या देखत सगळं केलं, दोनदा विचारलं आणि चमच्याचमच्यानं नातवाला पाजलं. तासाभरानं ते मूल रडलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सेविका उठताना म्हणाली, ‘शेजारच्या घरी लागलं तर आता तुम्हीच शिकवा.’ स्वतःच्या हातानं केलं असतं तर तिला पाच मिनिटं लागली असती. तिथं ती अर्धा दिवस बसून राहिली, आणि त्या आळीत साखर-मिठाचं पाणी करता येणारी आणखी एक बाई तयार झाली.

तुमच्या ‘निम्म्या वेळात’चं उत्तर त्या अर्ध्या दिवसात आहे. तुम्ही तिघं भराभर काम उरकता तेव्हा काम होतं, पण माणूस तयार होत नाही. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसलेला असतो. त्याचा सासरा इथ्रो ते पाहतो आणि म्हणतो, तू करतोस ते बरं नाही, यानं तूही थकशील आणि तुझ्याबरोबरचे हे लोकही थकतील. आपण ‘तूही थकशील’ एवढंच ऐकतो. लोकही थकतात. ज्यांना काही करू दिलं जात नाही ते ताटकळून थकतात. तुमच्या मंडळीत तरुण मुलं मागच्या बाकावर बसून उपासना संपायची वाट पाहतात, ती अशीच थकलेली असतात. मग इथ्रोनं हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमायला सांगितलं. त्यातला दहांवरचा माणूस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याला भाषण येत नसलं तरी चालतं, दहा घरांत कोण आजारी आहे हे त्याला ठाऊक असलं की झालं.

कामाची वाटणी शिकायला नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायासारखा दुसरा अध्याय नाही. नहेम्याच्या पुढारपणाखाली यरुशलेमेच्या तटाची डागडुजी कुणी कुठं केली याची ती यादी आहे. नावांमागून नावं येतात म्हणून वाचनात ती बहुधा वगळली जाते. मी कमिटीच्या शिबिरांत ती मुद्दाम मोठ्यानं वाचून घेतो. त्यात याजक आहेत, सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं करणारे आहेत. शल्लूम नावाचा एक अधिकारी आहे आणि त्याच्याबरोबर त्याच्या मुली तट बांधतायत. यातल्या कुणाचाही धंदा गवंडीकाम नाही. आणि पुष्कळ जणांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. ज्याच्या दारासमोरचं भगदाड आहे तो ते कच्चं ठेवणार नाही. तकोवा गावच्या सरदारांनी मात्र कामाला मान वाकवली नाही, असंही तिथं स्पष्ट लिहिलंय. नहेम्यानं त्यांच्यासाठी काम अडवलं नाही. त्यांच्याच गावच्या साध्या लोकांनी दोन भाग बांधले, आणि बावन्न दिवसांत तट उभा राहिला. गाव करील ते राव काय करील म्हणतात, ते इथं अक्षरशः घडलं.

आता तुमच्या हंगामाच्या सणाकडे येऊ. बाजरी, ज्वारी, भोपळे, कोंबड्या, अंडी, लोक आपल्या रानातलं पहिलं देवाला आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. माझ्या ओळखीच्या एका मंडळीत वर्षानुवर्षं एक निवृत्त गुरुजी लिलाव पुकारायचे. माणूस सज्जन, पण दोन तास चालायचं आणि निम्मी भाजी कोमेजून जायची. एका वर्षी आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या एका बाईंना पुढं केलं. त्या कधी बैठकीत तोंड उघडत नसत. त्यांनी आल्याआल्या पालेभाजी आधी काढली, दोन-दोन जुड्या एकत्र बांधल्या, कोंबड्या मधे ठेवल्या आणि मोठा भोपळा सगळ्यात शेवटी, कारण भोपळा टिकतो आणि त्यासाठी माणसं थांबतात. पाऊण तासात लिलाव आटोपला. पुढच्या बैठकीत खर्चाच्या अंदाजावर पहिलं बोलणं त्या बाईंचं होतं. गुरुजींकडे नोंदवही दिली, त्यांचं अक्षर मोत्यासारखं. कुणाचा मान गेला नाही.

असं घडायचं तर ‘कोण तयार आहे?’ असं बैठकीत विचारून भागत नाही. हात वर करणारे तेच ते असतात. घरी जाऊन विचारा, आणि त्या माणसाला येणाऱ्या कामाबद्दलच विचारा. स्वयंपाकाचा अंदाज कुणाला आहे, मंडपाची दोरी कुणाला बांधता येते, तालुक्याच्या दवाखान्यात कुणाची ओळख आहे. माणसाच्या हातातलं कसब हेही देवाचं दान आहे, फक्त प्रार्थना चांगली करता येणं तेवढं दान, असं नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्र मराठीत आणलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यासाठी छपाईचे खिळे जुळवणं, मुद्रितं वाचणं, छापणं ही कामं तिथल्याच बायका-मुलींनी केली, हे फारसं सांगितलं जात नाही. दुष्काळातून आणि वैधव्यातून वाचून तिथं आलेल्या या बायका. त्यांच्या हातून ते पुस्तक बाहेर पडलं.

पैशाबद्दल थोडक्यात पण ठामपणे. पैसा एका हातात राहिला की एकत्र काम मोडतं, मग तो हात कितीही स्वच्छ असो. यरुशलेमेच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी पाठवताना पौलानं आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस दिला, आणि कुणी बोट दाखवू नये म्हणून असं करतोय, हेही लिहून ठेवलं. दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात ते आहे. तुम्हीही अर्पण दोघांनी मोजा, दोघं एका घरातले नकोत, आणि हिशेब सणानंतरच्या रविवारी फळ्यावर लावा.

आता तो आडवा जाणारा सभासद. त्याच्याबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय, त्यामुळं तो तुमच्या मनात किती सलतोय ते कळतं. पहिली गोष्ट, भांडण झालं म्हणजे देवाचं काम बिघडलं असं समजू नका. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्यात मार्क या तरुण मदतनिसाला बरोबर नेण्यावरून इतकी तेढ पडली की दोघं वेगळ्या वाटेनं गेले. पवित्र शास्त्रानं ते झाकलं नाही. पण आयुष्याच्या अखेरीस तोच पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. बर्णबानं त्या पोराला मधल्या काळात धरून ठेवलं नसतं तर हे वाक्य लिहिलं गेलं नसतं. तेव्हा तुमच्या या सभासदाच्या घरी एकदा चहाला जा, कमिटीचा विषय न काढता. आडव्या जाणाऱ्या माणसांत दोन प्रकार मी पाहिलेत. एकाला पूर्वी कधीतरी दुखावलेलं असतं, त्याचं ऐकून घेतलं की निम्मा विरोध मावळतो. दुसऱ्याला खरोखर खोट दिसते आणि ती सांगायची रीत त्याला जमत नाही. त्याच्याकडे हिशेब तपासणी द्या, मंडळीला फायदाच होईल. दोन्हींत न बसणाराही निघतो. त्याच्यासाठी तकोवाच्या सरदारांचं उदाहरण आहे. प्रेम कमी करू नका, पण त्याच्यासाठी कामही थांबवू नका.

तुम्ही ओघात असंही लिहिलंत की शेजारच्या पंथाच्या मंडळीबरोबर सण करायची सूचना आली, पण ‘त्यांची रीत वेगळी’ म्हणून ती बारगळली. नगर जिल्ह्यात हे जुनं दुखणं आहे. अमेरिकन मराठी मिशन इथं १८३१ पासून, मग इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचं एस. पी. जी. मिशन आलं, आणि एकाच गावातले सोयरेधायरे दोन मंडळ्यांत विभागले. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा परंपरांच्या मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली. त्याची बोलणी १९२९ पासून चालू होती. चार दशकं! आणि एक होताना कुणाची रीत पुसली नाही. बालकांचा बाप्तिस्मा मानणारे आणि जाणत्या वयात विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा मानणारे, दोघांनाही एका मंडळीत जागा ठेवली. इतका मोठा प्रश्न मनं मोठी करून सुटतो, तर तुमचा सण कुणाच्या अंगणात करायचा एवढ्यावर अडू नये. पहिल्या वर्षी उपासना वेगवेगळी ठेवा, जेवण एकत्र करा. स्वयंपाकाला दोन्हीकडच्या बायका-पुरुष सकाळपासून एका चुलीवर राहू देत. पुढचं त्यांच्या त्यांच्यात ठरेल, तुम्हाला फारसं सांगावं लागणार नाही.

आणि एक गोष्ट सांभाळा. दिलेलं काम परत घेऊ नका. ज्याला मंडप दिला त्याचा खांब वाकडा दिसला की तुमचे हात शिवशिवतील. जवळ जा, लागेल ती मदत विचारा, तो म्हणेल ते करा. खांब पडण्यासारखा असेल तर तसं त्यालाच सांगा, चारचौघांत नको. एकदा का तुम्ही त्याच्या हातातून पहार काढून घेतलीत, तर पुढच्या वर्षी तो येणार नाही, आणि बाकीचेही ते पाहत असतात.